मास्तरांची दोन बोटं

बहरीनच्या जुलैत लोकरीचे हातमोजे घालून फिरणारा माणूस मी एकच बघितला. बाहेर स्टीअरिंगला हात लावला तरी चटका बसतोय, आणि मास्तर माहूजच्या त्यांच्या बिल्डिंगमधून खाली येणार ते हातमोजे चढवून, जसे काही काश्मीरला निघालेत. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, थंडी?" तर म्हणाले, "हॉटेलात बर्फ आहे. बोटं इथूनच झाकून नेतो." लॉबीतला एसी खरंच तसा होता.

मी हॉटेलचा ड्रायव्हर. त्यांना रोज संध्याकाळी पाचला आणायचं हे माझं काम. ते बल्गेरियाचे, प्लोवडिव्ह गावचे, लॉबीत पियानो वाजवायचे. आमच्या देवरुखला पेटी शिकवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मी त्यांना मास्तर केलं. अर्थ सांगितल्यावर खूश झाले आणि मला 'डिगो' म्हणायला लागले. दिगंबर त्यांच्या तोंडात मावत नव्हतं. आमचं बोलणं म्हणजे मोडकं इंग्लिश, थोडं हिंदी, चिमूटभर अरबी. इथं मी मराठीत लिहितोय, त्यामुळे दोघंही आहोत त्यापेक्षा शहाणे वाटू. इलाज नाही.

गाडीत बसले की डॅशबोर्डवर ठेका सुरू. सात मात्रा. दोन, दोन, तीन. मी म्हटलं, आमच्या भजनातही सात असतात, पण तीन, दोन, दोन. सिग्नलला थांबून वाजवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे तुम्ही लांब पाऊल आधी टाकता, आम्ही शेवटी," म्हणाले. "म्हणून तुम्ही वेळेवर पोचता आणि आम्ही नाचत बसतो." मागचे हॉर्न मारायला लागले तेव्हा तेच म्हणाले, "यल्ला, चल डिगो, पोच आता."

स्वतःबद्दल ते असंच सांगायचे, तुकड्या-तुकड्यानं. लहानपणी जॅझ उशीखाली रेडिओ ठेवून ऐकलं, कारण तसलं संगीत तेव्हा तिकडे सरकारातल्या मोठ्यांना आवडत नव्हतं. मग कॉलेजात शिकले, स्वतःच्या चाली बांधल्या, एक रेकॉर्ड निघाली. मग काळ्या समुद्रावरच्या जहाजांवर वाजवलं. "समुद्र खवळला की लोक नाचायचे थांबून ओकायचे. मी वाजवत राहायचो. असे शांत श्रोते पुन्हा मिळाले नाहीत."

लॉबीत ते पाहुणे सांगतील ते वाजवायचे. पण साडेसहाला, गर्दी व्हायच्या आधी, चार मिनिटं स्वतःची एक चाल; मी दाराशी उभा राहून बघायचो. अकरा मात्रांची. रोज तिच्यात थोडी भर घालायचे. त्यांच्याकडे स्वतःचा पियानो नव्हता, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. "ही पुरी झाली की मी मोकळा," म्हणायचे. "तोवर हा पियानो मला पाहिजे."

आता माझं. मला नकलांची खोड शाळेपासून. सलमाबादच्या आमच्या कामगार कॅम्पात पोरं जेवून झालं की मला उभं करायचीच, "ए दिग्या, आज कोण?" शेफ, सिक्युरिटीवाला, पासपोर्टकडे बघून सुस्कारा टाकणारा साहेब, सगळे माझ्याकडे तयार. नक्कल करताना मी विचार करत नाही. डोळ्यांनी उचललेलं अंगात येतं, बस.

एका शुक्रवारी दुपारी स्टाफचं जेवण होतं. मास्तरही बिर्याणीची प्लेट घेऊन कोपऱ्यात बसलेले. पोरांनी मला उभं केलं. शेफ झाला, सिक्युरिटी झाला, मग कुणीतरी म्हणालं, "मास्तर कर." मी टेबलालाच पियानो केला. मान तिरकी, ओठ पुटपुटतायत, आणि हात. लोक लोटपोट. मास्तर स्वतः हसत होते.

मॅनेजर मात्र हसता हसता थांबला. "ती दोन बोटं आत का वळवलीस?"

मी खाली बघितलं. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात मुडपलेली होती.

"मास्तर तसंच वाजवतात," मी म्हणालो.

बोलून झाल्यावर कळलं काय बोललो ते. मास्तरांनी प्लेट हळूच खाली ठेवली आणि उजवा हात मांडीवर घेतला. ती बोटं वर्षभर वळत चालली होती, आणि ते सुरावट मधल्या बोटांवर ढकलून निभावत होते. सोमवारी त्यांना ऑफिसात बोलावून वाजवायला लावलं. करार महिनाअखेर संपत होता, तो पुढे वाढणार नाही असं सांगितलं. करार नाही म्हणजे व्हिसा नाही. खलास.

मंगळवारी पाचला मी माहूजला उभा. ते बसले, मी गाडी सुरूच केली नाही. "मास्तर, माझ्यामुळे."

"तू खोटं काही केलं नाहीस." ते म्हणाले. "वर्षभर मला वाटत होतं, मी किती हुशारीनं लपवतोय. लपवत नव्हतो, डिगो. कुणी ऐकतच नव्हतं. तू ऐकलंस."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यांना मुहर्रकला विमानतळावर सोडायला मीच गेलो. एकच बॅग. पार्किंगमध्ये गाडी लावली, पण ते उतरेनात.

"ती चाल पुरी झाली?" मी विचारलं.

"अर्धी झाली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू आलास तेव्हा माझी बोटं सरळ होती. तेव्हा मी कसा वाजवायचो, येतं तुला?"

"येतं."

"कर."

मी डॅशबोर्डवर हात ठेवले. अकरा मात्रा मोजल्या आणि सुरू केलं, दहाही बोटांनी. मास्तर सीटवर वळून बसले आणि माझा उजवा हात बघत राहिले.

"खांदा खाली," म्हणाले. "तेव्हा मी एवढा घाबरलेला नव्हतो."

मी खांदा खाली घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.