कापलेली तीन दृश्यं

कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओत चाचांना सगळे वचकून असत. चाचा म्हणजे आमच्या सिनेमाचे संकलक. कुणाच्या कामाची तारीफ त्यांनी केलेली मी कधी ऐकली नाही. "चांगलं असतंय ते पडद्यावर दिसतंय की. मी कशाला सांगू?" एवढंच म्हणत.

मी गडहिंग्लजची, हौशी नाटकांत काम करणारी. त्या प्रेमकथेत मला नायकाच्या पहिल्या बायकोचं काम मिळालं. माझं तोंड रंगवणं वडिलांना कधीच पटलं नव्हतं. तरी सिनेमा लागणार म्हटल्यावर त्यांनी पार नेसरीच्या पाहुण्यांनाही कळवलं.

सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी चाचा एसटीनं आमच्या दारात आले. पाणी प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीचं तिन्ही शीन मी कापल्यात. पाव्हण्यांदेखत थेटरात कळायला नको, म्हणून आलोय."

मला वडिलांकडे बघवेना. ते म्हणाले, "काम वाईट झालं व्हय?"

"न्हाय. असल्या बायकोला सोडून गेलेल्याच्या प्रेमावर कोण इस्वास ठेवणार? स्टुडिओचं मालक म्हणालं, काढा. मी काढलं. पिच्चर खोटा झाला. पर आता चालंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना संकलनाच्या खोलीत बोलावलं. कापून टाकलेले तुकडे जोडून यंत्राच्या छोट्या पडद्यावर लावले. जेवायला वाढून वाट बघणारी मी, नवऱ्याची बॅग भरणारी मी, तो गेल्यावर दार लावणारी मी. वडील उभ्यानंच बघत होते.

"दार लावताना ही हिच्या आईसारखी उभी ऱ्हायली," ते म्हणाले.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. ती कशी उभी राहायची, मला ठाऊकच नव्हतं. चाचांनी तेवढं दृश्य पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

परतीच्या एसटीतून उतरता उतरता वडील म्हणाले, "पुढचं नाटक कवा हाय?"

सिनेमा बरा चालला. आम्ही तो बघितला नाही. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि चाचा शाहूपुरीत भावाच्या दुकानात बसू लागले. माझ्या नाटकाला येत, पण नाटक कसं झालं ते कधी सांगत नसत.

ते वारले तेव्हा मी नाटकाच्या दौऱ्यावर होते. वडील एकटेच मातीला गेले. तिथं कुणीतरी विचारलं, "पावणं, तुम्ही त्यांचं कोण?"

वडील म्हणाले, "माझी पोरगी मला त्यांनी दाखवली."