दंडकारण्य, डोंबिवली पूर्व

देवाला भूतकाळ नसतो, भविष्यही नसतं. त्याच्यापुढे सारा काळ एकाच वेळी उभा असतो. आईच्या वर्षश्राद्धाला आलेल्या गुरुजींनी हे सांगितलं आणि मी मान हलवली. आमच्या घरी ही अवस्था बाबांना केव्हाच प्राप्त झाली आहे. झालेली पूजा त्यांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे बाळकृष्णाला दिवसभर अंघोळी घडतात.

पूजेआधी संकल्प करताना आपण कुठे आणि केव्हा बसलो आहोत ते देवाला सांगावं लागतं. तो कालातीत असला तरी रोजची तिथी त्याला आपणच कळवायची. बाबा ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून सुरुवात करतात. कल्प, मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण, दंडकारण्य, सगळं बिनचूक. डोंबिवली मात्र विसरले. तिथीपाशी अडले की माझ्याकडे बघतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून सांगतो. मग विचारतात, "ही कुठे गेली?"

सुरुवातीला मी खरं सांगायचो. आई गेल्याचं ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकायचे आणि तसेच रडायचे. शेवटी मी तिला आंबिवलीला मावशीकडे पाठवून दिलं. तेव्हापासून ती तिथेच आहे.

श्राद्धाच्या दिवशी बाबांना आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसवलं होतं. मी पिंडांपुढे बसलो, तेवढ्यात ते दारात उभे.

"कोणाचं श्राद्ध आहे रे?"

मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "काकूंचं, काका. वर्ष झालं ना आज."

बाबा खालीच बसले. किती रडले ते लिहिण्यात अर्थ नाही. गुरुजींनी मंत्र थांबवून आत्मा अमर असल्याचं सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"मला कळवलं का नाही कोणी?"

गुरुजींनी पुढचा मंत्र घेतला.

पानावर बसेपर्यंत बाबांचे डोळे कोरडे झाले होते. पोळीभाजी केंद्रातून आणलेले उडदाचे वडे त्यांना आवडले.

"कोणाचं होतं रे श्राद्ध?"

गुरुजींनी भातात लक्ष घातलं.

"आजोबांचं," मी म्हटलं.

"हं. ही यायची आहे आंबिवलीहून. तिला दोन वडे झाकून ठेव. सगळे गिळू नकोस."

ठेवले. संध्याकाळी मीच खाल्ले. वातड झाले होते.