आबांचा चार्ज

दौंडच्या त्या घरात आबांना सांभाळायला राहिले तेव्हा मला कामापेक्षा छपराची गरज होती. नवरा गेल्यावर किनवटकडच्या सासरने दार लावलं. सातवीत शाळा सुटलेली. दुसरं कोण ठेवणार? या लोकांनी ठेवलं. ते उपकार मी विसरत नाही. त्याच घरात माझ्याशी कोणी एक शब्द धड बोललं नाही, तेही विसरत नाही.

आबा रेल्वेत केबिनमन होते, सिग्नल आणि सांधे सांभाळायचे. डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले. नातवंडांची नावं गेली, जेवल्याचं भान गेलं, ड्युटी तेवढी राहिली. रोज दुपारी चारला ते दारात उभे. "रिलीव्हर कुठाय? मेला का?" बदलीचा माणूस आल्याबिगर, त्याला किल्ल्या मोजून चार्ज दिल्याबिगर केबिन सोडायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आत चला म्हटलं की बोचकारायचे, चोरटी म्हणायचे. आमच्याकडे असं म्हातारं गावभर फिरतं, कोणीही हाताला धरून घरी आणून सोडतं. इथं शेजारी दारं लावून घ्यायचे. फारच राग आला की मी मोरीत जाऊन गोधड्या धोपटायची. गोधड्या फाटल्या, राग तसाच.

त्यात कपाटाच्या किल्ल्या हरवल्या. आबांच्या सूनबाई, मी ज्यांना वहिनी म्हणते, त्या महिनाभर माझं गाठोडं उचकत होत्या. "रविवारपतुर किल्ल्या आण, न्हाईतर तुझ्या गावची गाडी पकड."

शनिवारी आबांनी माझा दंड रक्त येईपर्यंत ओरबाडला. वैतागून मी म्हणाले, "मीच रिलीव्हर. द्या चार्ज."

"बाई? रेल्वेतली माणसं संपली व्हय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, उशीच्या खोळीत हात घातला आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. "मोजून घे. मागनं बोंबलायचं न्हाई."

मी वाचले! आनंदानं चहा ठेवायला गेले. परत येऊन पाहते तर दार उघडं. चार्ज दिलेला माणूस थांबेल कशाला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

किल्ल्या हातात धरूनच चप्पल घालते तोच वहिनी बाजारातून आल्या.

"आबा कुठंत?"

"गेले."

"आन् किल्ल्या बऱ्या निघाल्या! कपाट उघडायला म्हाताऱ्याला हाकललं व्हय गं?"

ड्युटी सुटलेला रेल्वेचा माणूस गाडीच पकडणार, म्हणून मी स्टेशनकडं निघाले; किल्ल्या हिसकावून त्या तिथपर्यंत मला शिव्या देत आल्या.

आबा बाकावर ताठ बसले होते, खुटबावच्या गाडीची वाट बघत. खुटबाव म्हणजे त्यांचं जन्मगाव. वहिनींनी धरलेला हात त्यांनी झटकला. "माझी ड्युटी संपली. किल्ल्या उशीत जपून ठिवल्या हुत्या, त्या मोजून ह्या बाईला दिल्यात. इचार तिला."

वहिनी मुठीतल्या किल्ल्यांकडं बघू लागल्या.

"किल्ल्या द्या, वहिनी," मी म्हणाले. त्या घरात पहिल्यांदाच मी काही मागत होते. त्यांनी हातात दिल्या नाहीत, बाकावर टाकल्या. मी उचलून आबांपुढं धरल्या. "आबा, माझी ड्युटी संपली. चार्ज घ्या."

"येवढ्यात? म्हणून बाया ठिवू न्हाईत." पण त्यांनी किल्ल्या मोजून घेतल्या आणि घराकडं, म्हणजे त्यांच्या केबिनीकडं, चालू लागले.

उंबऱ्यात वहिनी एवढंच म्हणाल्या, "रविवारचं ऱ्हाऊ दे."

आता किल्ल्या आबांकडंच असतात; कपाटातनं साडी काढायची तरी वहिनींना त्यांच्यापुढं उभं राहावं लागतं. आबा त्यांनाही चोरटी म्हणतात.