घंटा होईपर्यंत

माझ्या दादाला बाजू घेणं कधी जमलंच नाही. भाजीत मीठ कमी आहे का, एवढं विचारलं तरी म्हणायचा, "तसं म्हटलं तर कमी, आणि तसं म्हटलं तर बरोबर." अशा माणसाने चाळिशीला टेकल्यावर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची ठरवली. त्या परीक्षेत निबंध लिहून एक बाजू घ्यावीच लागते आणि शेवटपर्यंत लढवावी लागते! मी पोट धरून हसले. वहिनी हसली नाही. शाळेत वर्षानुवर्षं तेच तेच धडे शिकवून नवरा आतून वाळत चाललाय, पुढे शिकला तरच तो सुटेल, हे तिला माझ्याआधी दिसलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत वहिनीचं ब्यूटी पार्लर होतं. दोन खुर्च्या, मोठा आरसा, आणि केसांना रंग लावल्यावर वेळ लावायचं ते गोल घड्याळ. दर रविवारी पार्लर बंद करून ती दादाला आरशाकडे पाठ करून बसवायची, विषय द्यायची आणि अर्ध्या तासाची घंटा लावायची. नियम एकच, घंटा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. "मध्येच धुतलं की रंग बसत नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, तेच त्यालाही.

घंटेनंतर ती मुद्दाम उलटी बाजू घ्यायची आणि भांडायची. "अहो, हे तुम्ही नुसतं म्हणताय. पुरावा कुठाय?" दादाची बोबडी वळायची. पण हळूहळू शिकला. परीक्षेत आणखी एका प्रकारचा निबंध असतो, त्यात कुणाच्या तरी दाव्यातली भोकं शोधायची असतात. त्यात तर तो असा तयार झाला, की घरात बोलायची सोय उरली नाही. मी म्हटलं, "दादा, पाहुणे येतायत, दूध आण." तर म्हणे, "पाहुणे चहा घेतील, हे तू गृहीत धरलंयस."

आतून वहिनीचा आवाज आला, "आणि आज जेवायला मिळेल, हे तुम्ही गृहीत धरलंय."

परीक्षा तोंडावर आली. त्या रविवारी मी कामावर होते, पुढचं दादानेच सांगितलं. विषय देताना वहिनी म्हणाली, पाठ भरून आलीय.

"आज राहू दे का?" त्याने विचारलं.

"लिहा तुम्ही. दिवसभर उभी असते, पाठ दुखणारच."

तो लिहीत राहिला. मध्ये एकदा मान वर केली, तेव्हा तिने टेबलावर डोकं टेकलं होतं. दमलीय, डोळा लागला असेल, असं त्याला वाटलं. घंटा वाजली आणि वाजतच राहिली. "बंद कर की," तो न बघताच म्हणाला. शेवटचं वाक्य राहिलं होतं. मग त्याने पाहिलं. ती घामाने निथळत होती.

"झाला का पूर्ण?" तिने विचारलं.

त्यानंतर ती बोलली नाही. हृदयविकाराचा झटका होता. संध्याकाळच्या आत गेली.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. आले-गेले सगळे तेच म्हणाले, मीही म्हणाले. दादा मान हलवायचा. परीक्षेचा दिवस आला आणि गेला, आम्ही कोणी परीक्षेचं नावही काढलं नाही. माणसं पांगल्यावर एका दुपारी तो पार्लरच्या खुर्चीत बसलेला दिसला.

"डॉक्टरांनी तिला पाहिलं ते घंटेनंतर," तो म्हणाला. "त्याआधी ती कशी होती, हे त्यांना काय माहीत? आणि घरच्यांना धीर द्यायचा असतो त्यांना. मग ते म्हणाले तेच खरं कशावरून?"

"दादा, पुरे."

"नाही, तू उलटी बाजू घे. ती घ्यायची तशी. मला हरव."

मी तोंडाची फटकळ, माझ्या नादी सहसा कोणी लागत नाही. पण माझ्या भावाने जन्मात पहिल्यांदा एक बाजू घेतली होती, आणि तीही स्वतःविरुद्ध. खूप शोधून म्हटलं, "तो नियम तिचाच होता, दादा. एवढं दुखत असूनही उठली नाही, ती तुझा निबंध पुरा व्हावा म्हणून."

"हो," दादा म्हणाला. "तोच तर माझा मुद्दा आहे."

मला पुढे काही सुचलं नाही. वहिनीला सुचलं असतं.