पंखे परत केल्यावर

गुरुनाथ चुरी रांगोळी काढायचे, आणि मालिनी ती पुसायची. या दोघांच्या संसाराबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. बाकीचं त्यातच आलं.

दोघं वसईची. दारातली ठिपक्यांची रांगोळी नव्हे, गुरुनाथ माणसांचे चेहरे काढत. जमिनीवर, चिमटीतून रंग सोडत, असे की बघणाऱ्याला वाटावं, या म्हातारीच्या गालाला हात लावला तर सुरकुती लागेल. आमच्या नाटकाच्या महोत्सवी प्रयोगाला नाट्यगृहाच्या दालनात त्यांनी माझा चेहरा काढला होता. मी रंगपटातून धावत बघायला आले तेव्हा दारात एका बाईने मला अडवलं. म्हणाली, "ताई, पदर खोचा. वारा लागेल तुम्हाला." म्हणजे जमिनीवरच्या माझ्या चेहऱ्याला. ती मालिनी.

त्यानंतर आमची गाठ पडली ती थेट अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. मी मुलीकडे राहायला आलेली, ती दोघं मुलाकडे. मिहीर सॉफ्टवेअरमध्ये, सून हिमानी बँकेत. ओक ट्री रोडवरच्या वाण्याच्या दुकानात भेंडी निवडता निवडता मालिनीने मला ओळखलं. मग दर आठवड्याला माझी फेरी त्यांच्याकडे होऊ लागली, आणि चहाबरोबर जपान सुरू होई.

ऐंशीच्या दशकात सात-आठ उन्हाळे ही दोघं जपानला जात होती. ओसाका, नागोया, एकदा वर साप्पोरोला. तिकडे मोठाल्या दुकानांच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर उन्हाळी प्रदर्शनं भरत. एका वर्षी भारताचं, एका वर्षी आणखी कुठलं, पण रांगोळीवाला हवाच असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गच्चीवर कंदील लावून बिअरच्या बागा थाटलेल्या. मुलांना पाण्यातले लाल मासे पकडायचा खेळ. मासा पकडायची पळी कागदाची, ती भिजून फाटायची आणि पोरं हसायची. आणि प्रदर्शनाच्या हॉलशेजारी भुताचं घर.

"उन्हाळ्यात भुतं?" मी विचारलं होतं.

"अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणे," गुरुनाथ म्हणाले. "त्यांची मेलेली माणसंही ऑगस्टातच घरी येतात. आपला पितृपंधरवडा कसा, तसा. पण ते त्यांच्यासाठी रस्त्यात नाचतात. आपण कावळ्याची वाट बघत बसतो."

ओसाकाचा ऑगस्ट म्हणजे वसईचा मे महिना, वर ओल्या टॉवेलात गुंडाळलेला. जो तो हातात पंखा घेऊन फिरे. रस्त्यारस्त्यावर जाहिरातीचे कागदी पंखे फुकट वाटत. आणि रांगोळीला वारा म्हणजे मरण. म्हणून त्या हॉलचा एसी बंद करत, छताच्या जाळ्यांवर कागद चिकटवत, आणि दारात मालिनी बसे. मांडीवर वेताची मोठी टोपली. येणाऱ्याने पंखा तिच्या टोपलीत टाकायचा, जाताना परत घ्यायचा. नंबर नाही, चिठ्ठी नाही. शेकडो पंखे, आणि कुणाचा कुठला हे ती चेहऱ्यावरून सांगे. ओसाकात तिला पंखेवाली बाई म्हणून ओळखत. दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला निळा, सुती जपानी झगा शिवून दिला होता.

उद्घाटनाची त्यांची एक रीत होती. सगळं चित्र आधी काढून झालेलं असे, फक्त डावा डोळा राहिलेला. लोक आत आले की दार लावत, आणि सगळ्यांसमोर गुरुनाथ तो डोळा भरत. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही.

आणि शेवटच्या दिवशी शेवटचा पंखा परत गेला की मालिनी झाडू घेई. टोपलीत एक जरी पंखा शिल्लक असला तरी ती पुसत नसे. "कुणीतरी अजून बघायला यायचंय," म्हणे. ती पुसत असताना गुरुनाथ पाठ करून, दाराकडे तोंड करून उभे राहत. काढणाऱ्याने पुसू नये आणि बघूही नये, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं.

मालिनीचा चेहरा मात्र त्यांनी कधी काढला नव्हता. तीच काढू देत नसे. "मलाच मी कशी पुसू? दुसऱ्या कुणाला तरी लावा मग कामाला."

एडिसनला मालिनीचं हृदय थकलं. पायाला सूज, अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या, दोन जिने चढले की धाप. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हात जायचं नाही, उकाड्यात बसायचं नाही. ती एसीच्या खोलीत शाल घेऊन बसे. माझ्याशी एकदा बोलली ते असं: "चार वर्षं झाली ताई, मी या घरात नुसती ठेवलेली आहे. फुलदाणीला तरी कुणी पाणी घालतं."

दोन हजार सहाच्या जुलैत गावातल्या लायब्ररीने उन्हाळी कार्यक्रमात जपानवर प्रदर्शन ठरवलं. पंखे, कंदील, कागदाची खेळणी. हिमानीने तिथल्या बाईंना सासऱ्यांबद्दल सांगितलं आणि त्यांनी आनंदाने बोलावलं. पण इमारतीचा एसी एका खोलीपुरता बंद होत नाही म्हणाल्या. गुरुनाथ जाऊन बघून आले. छतातून वारा सरळ खाली.

"जाऊ दे," ते घरी येऊन म्हणाले. त्यांचा उजवा हात तेव्हा कापायला लागला होता. कप बशीत ठेवताना वाजे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हा हात राहणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मालिनीच बोलली. "गराज आहे ना. दार लावलं की वारा नाही. लोकांना इथेच बोलावू."

"आई, गराजमध्ये एसी नाहीये," मिहीर म्हणाला.

"ओसाकात तरी कुठे होता?"

"तेव्हा तू चाळीस वर्षांची होतीस. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस? तू बाहेर नाही बसायचं. प्रॉमिस कर."

"दारात कोण बसणार मग? तू? तुला तुझ्या सॉक्सची जोडी ओळखता येत नाही."

मिहीर हसला, आणि तिथेच हरला. शेवटी तडजोड झाली. मालिनीने उद्घाटनापुरतं बसायचं, डोळा भरून होईतो, आणि लगेच आत एसीत. मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि या वेळी मला काढा. निळ्या झग्यातली. कशी दिसत होते बघू तरी."

 गुरुनाथांनी कप उचलला, आणि तो वाजला नाही, असं मला आठवतं. खरंही असेल.

गाड्या रस्त्यावर गेल्या. गराजच्या दाराचे रिमोट स्वयंपाकघरातल्या खणात पडले. जमीन घासून गुरुनाथांनी गेरूचा हात दिला. आठवडाभर पहाटे, उकाडा चढायच्या आत काम. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रंग सोडत. मालिनीला आत यायची बंदी होती.

ऑगस्टचा पहिला रविवार. त्या आठवड्यात सगळ्या न्यू जर्सीवर भट्टी पेटली होती. टीव्हीवर दर तासाला म्हाताऱ्यांची काळजी घ्या म्हणून सांगत होते. हिमानी सकाळी म्हणाली, "बाबा, इट्स अ हंड्रेड डिग्रीज. पोस्टपोन करूया ना." गुरुनाथ मालिनीकडे बघत राहिले. ती निळा झगा चढवून बसली होती. तो आता तिला सैल झाला होता.

आम्ही वीसएक जण जमलो. आमंत्रणातच मालिनीने सांगितलं होतं, येताना हातपंखा आणा. अमेरिकेत हातपंखा कुणाकडे असणार? कुणी वाण्याच्या दुकानाचा जाहिरातीचा कागद घडी घालून आणला, कुणी लग्नाची पत्रिका. राजीव नावाच्या शेजाऱ्याने कागदी बशीला आइस्क्रीमची काडी चिकटवली होती. माझ्याकडे नाटकातला घडीचा पंखा होता, चंदनी. मालिनीने एकेकाचा पंखा घेतला, चेहरा निरखला, टोपलीत टाकला. माझा घेताना म्हणाली, "हा हरवला तर प्रयोग बंद." टोपली मांडीवर घेऊन ती घरात उघडणाऱ्या दाराशी खुर्चीवर टेकली, आमच्या मागे. दार लागलं.

आणि समोर जमिनीवर मालिनी होती. निळा झगा, मांडीवर टोपली, टोपलीत रंगीत पंखे. ओठाच्या कोपऱ्यात हसू, ज्याला कळतं की तुम्ही पंखा विसरून निघाला आहात. आम्ही श्वास धरले. कुणीतरी "वा" म्हणायला गेलं, तोच गुरुनाथांनी बोट वर केलं.

ते गुडघ्यांवर बसले. मनगट धरलं. हात कापत होता, म्हणून ते थांबले. पुन्हा धरलं. घाम नाकावरून खाली पडू नये म्हणून त्यांनी कपाळाला पंचा बांधला होता. पांढरं आधी. मग काळं. बाहुलीतला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी. किती वेळ गेला कोण जाणे. रंगभूमीवर मी पुष्कळ शांतता ऐकली आहे, पण वीस माणसांची इतकी सलग शांतता नाही. घामाचे ओघळ पाठीवरून उतरत होते आणि कुणी हात हलवला नाही.

ठिपका पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या, तळहात न आपटता, हळू, वारा न करता. ती रीतही ओसाकाची.

हिमानी मागे वळली. "आई, बघायला या ना आता."

मालिनी टोपलीवर किंचित वाकून बसली होती. डुलकी लागावी तशी. दोन्ही हात टोपलीच्या कडेवर, पंखे सांभाळत. एकही पंखा खाली पडला नव्हता. कुणाचाही काढून घेऊन तिने स्वतःला वारा घातला नव्हता. हाक मारली असेल का, कुणालाच ठाऊक नाही. मला वाटतं नसेल मारली. डोळा भरताना बोलायचं नाही, हा नियम तिनेच आयुष्यभर दुसऱ्यांना पाळायला लावला होता.

अँब्युलन्स आली. गराजचं मोठं दार उघडायचं कुणाला सुचलं नाही, रिमोट आत खणातच राहिले. तिला घरातून पुढच्या दाराने नेलं. हॉस्पिटलमधून संध्याकाळी मिहीरचा फोन आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही.

दिवसवार झाले. तेराव्यानंतर मिहीर बापाशी एकच वाक्य बोलला, माझ्यासमोर. "बाबा, तुम्ही एकदा फक्त मागे वळून बघायचं होतं." गुरुनाथ म्हणाले, "हो." मग त्या घरात बोलणं बंद झालं. ताटं वाढली जात, उचलली जात. गाड्या बाहेरच उभ्या राहत. गराजच्या जमिनीवर मालिनी दोन्ही डोळ्यांनी छताकडे बघत पडलेली, आणि ते दार कुणी उघडत नव्हतं.

सप्टेंबर उतरला तेव्हा एका दुपारी माझी बेल वाजली. गुरुनाथ. काखेत टोपली. पायीच निघालेले दिसत होते, त्या रस्त्यांना फुटपाथही नाही. त्यांनी टोपलीतून चंदनी पंखा काढला.

"हा तुमचाच ना, ताई? एवढा एकच मला ओळखता आला. बाकीचे कुणाचे कुठले ते तिलाच माहीत."

मग कळलं. आठवडाभर ते दारोदार जात होते. जाहिरातीचे कागद, पत्रिका दाखवून विचारत होते, हा तुमचा का? लोक ओशाळत. "अहो काका, फेकून द्या ना, पेपर आहे तो." काका म्हणत, "फेकता येत नाही." राजीवची बशी राजीवने दोन्ही हातांनी घेतली आणि दार लावून घेतलं.

"माझा शेवटचा?" मी विचारलं.

"शेवटचा."

म्हणजे तो घेतला की टोपली रिकामी. टोपली रिकामी झाली की पुसायचं. मी हात मागे घेतला. "राहू दे तुमच्याकडे. मी परत येईन बघायला."

ते तसेच उभे राहिले, पंखा पुढे धरून. हात कापत होता आणि पंख्याच्या पट्ट्या एकमेकींवर वाजत होत्या. "ताई," ते म्हणाले, "ती खुर्चीत बसून आहे अजून. घ्या."

मी घेतला.

त्यांच्याबरोबर मी चालत गेले. मिहीर घरीच होता, त्या दिवसांत तो कामावरही नीट जात नसे. गुरुनाथांनी रिकामी टोपली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "पंखे गेले सगळे. मला पुसता येत नाही, ते काम माझं नाही. तू पुसशील?"

मिहीरने टोपली आतून चाचपून पाहिली. मग उठला, कोपऱ्यातली केरसुणी घेतली. ती वसईहून मालिनीने सामानात घालून आणलेली. आम्ही तिघं गराजमध्ये उतरलो. त्याने झग्याच्या काठापासून सुरुवात केली. निळा रंग गेरूत मिसळून मातकट झाला. मग टोपली गेली, मग हात. गळ्यापाशी तो थांबला आणि त्याने बापाकडे पाहिलं.

गुरुनाथ पाठ करून उभे नव्हते. दोन्ही डोळे उघडे ठेवून ते बघत होते.

"हं," ते म्हणाले.

मिहीरने केरसुणी टेकवली.