झिजलेल्या पट्ट्या

आमच्या गावातल्या फ्रीगंज पेठेत, घड्याळाच्या टावरच्या मागे त्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. माझ्या जुन्या गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले की मी त्याच्याकडे जायचो. तो लगेच हत्यारं काढायचा नाही. शेजारी डोळे मिटून बसायचा, मला चौकापर्यंत चक्कर मारायला लावायचा आणि आवाज आला की मान हलवायचा. "रो रही है बिचारी." मग चाक उतरवून ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्या काढायचा आणि नव्या पट्ट्या रिवेटने ठोकून बसवायचा. जुन्या पट्ट्या कागदात गुंडाळून माझ्या हातात द्यायचा. "आपका माल है, साब." ती पुडी मी पुढच्या वळणावर फेकून द्यायचो. त्याला ते ठाऊक असावं, तरी पुडी देणं त्याने कधी चुकवलं नाही.

छप्पन्न साली राज्याची नवी मांडणी झाली, भोपाळ राजधानी झालं आणि आमचं ऑफिस तिकडे हललं. निघायच्या आदल्या दिवशी गाडी त्याच्याकडे नेली. भोपाळचं नाव ऐकून तो नेहमीसारखा शेजारी येऊन बसला. चौकापर्यंतची चक्कर मात्र त्या दिवशी थेट नदीपर्यंत लांबली.

काम झाल्यावर सवयीने मी हात पुढे केला. त्याने जुन्या पट्ट्या फडक्याने पुसल्या आणि आपल्याच फळीवर ठेवल्या.

"ये यहीं रेने दो, साब. यहीं के रस्ते पे घिसी हैं."

मी नुसता हसलो आणि निघालो. पुडी फेकायच्या नेहमीच्या वळणावर ब्रेक दाबला, तर गाडी आवाज न करता थांबली. माझा हात रिकामा होता, आणि ती पुडी मला पहिल्यांदाच हवी होती.