ताईला कळलेलं चित्र

संस्थेत त्याला सगळे रंगोपंत म्हणत. शास्त्रज्ञांच्या डोक्यातलं चारचौघांना समजेल असं चित्रात उतरवायचं, हे त्याचं काम. लग्न केलं नव्हतं. घरी थोरली बहीण, तेवढीच. कापडाच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढून तिनं त्याला चित्रकला शिकवली होती. आता तिला ऐकू येईनासं झालं होतं.

एक दिवस कानावर संशोधन करणाऱ्या मॅडम त्याच्या खोलीत आल्या.

"कानाच्या आत बारीक तंतूंच्या पेशी असतात. आवाजानं ते तंतू हलतात, म्हणून ऐकू येतं. वर्षानुवर्षं मोठा आवाज सोसला की त्या पेशी मरतात. माणसात पुन्हा तयार होत नाहीत. हे दवाखान्याच्या भिंतीवर लावायचंय. आकृती नको, कोणी ढुंकून बघत नाही."

ताईच्या कानांबद्दल डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं. ताईला मात्र तो म्हणाला होता, "औषधं घे, येईल हळूहळू."

त्यानं आधी दात पडलेल्या कंगव्याचं चित्र काढलं.

"कंगवा काय, नवा आणता येतो," मॅडम म्हणाल्या.

खिडकीखाली हिरवळ होती. आडव्या जाणाऱ्यांनी तिच्यावर मळलेली वाट पाडली होती. ती बघता बघता त्याला सुचलं. त्यानं कानाच्या आकाराचं कुरण काढलं. कडेचं गवत वाऱ्यानं डुलतंय, मधे बुटांच्या ठशांनी उघडी पडलेली जमीन. त्या जमिनीला एक माळी झारीनं पाणी घालतोय. माती ओलीचिंब, पण एक पातं नाही.

मॅडम खूश झाल्या. चित्र छापून दवाखान्यात लागलं.

पुढच्या तपासणीला तो ताईला घेऊन गेला, तर नेमकं तिथेच बाकड्यासमोर ते चित्र.

"तुझंच ना रे हे?" ताई कौतुकानं जवळ गेली. बराच वेळ उभी राहिली. मग वळली.

"इतकं पाणी घालतोय, तरी उगवत नाही?"

तो हातातले तपासणीचे कागद सारखे करू लागला.

"माझंही तसंच?"

खोटं बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि भोवती माणसं बसलेली. त्यानं नुसती होकाराची मान हलवली.

"मग चल घरी," ताई म्हणाली. "उगाच कशाला दुसऱ्याचा नंबर अडवायचा?"

त्याच आठवड्यात मॅडम त्याला जिन्यात भेटल्या. "चित्र फक्कड जमलंय हो! न वाचताही कळतं."

"हो, कळतं," तो म्हणाला आणि खाली उतरला.

ताईनं औषधं बंद केली. हळूहळू शेजारणींकडे बसायला जाणंही सोडलं. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवतात. आधी तो काही बोलला की ती कानामागे हात धरून "काय म्हणालास?" विचारायची, तो वैतागायचा. आता तो बोलला, तर ती हसून मान डोलावते आणि त्याला आणखी थोडा भात वाढते.